ठमाबाईचं डावं बोट

साहेब, माझ्या मायला तुम्ही चोर ठरवलंत.

तुम्ही म्हणजे नेमके कोण, हे मला अजून कळलेलं नाही. तालुक्याला विचारलं तर ते जिल्ह्याकडे हात करतात, जिल्हा म्हणतो मुंबई, मुंबई म्हणते दिल्ली. दिल्लीच्या पुढे बहुतेक हिमालयच लागत असेल. म्हणून ज्यानं या देशाच्या निवडणुकीचा महिना ठरवला, ज्यानं शाई ठरवली आणि ज्यानं त्या शाईसाठी दहा बोटांतून नेमकी डाव्या हाताची तर्जनी निवडली, त्या माणसाला मी साहेब म्हणतो आहे. आदरानं नाही. दुसरं नाव सापडत नाही म्हणून.

मी नागभीडला बसस्टँडसमोर टायपिंग शिकवतो आणि लोकांचे अर्ज टाइप करून देतो. 'सेवेशी सविनय सादर' हे शब्द मी इतके ठोकले आहेत की माझ्या मशीनचा 'स' झिजून अर्धा राहिला आहे. या लिखाणात ते शब्द यायचे नाहीत. हे मी हातानं लिहितो आहे.

काम एवढंसं होतं. मायला घेऊन आमच्या मूळ गावी, मोहटोल्याला जायचं, तिचं मत टाकायचं आणि रात्रीच्या जेवणाला परत यायचं. एकोणनव्वदचा नोव्हेंबर, लोकसभेची निवडणूक. त्या वर्षी तुम्ही अठरा वर्षांच्या पोरांनाही मताचा हक्क दिला होता. रेडिओ दिवसभर त्याच कौतुकानं घसा कोरडा करून घेत होता. माझी माय ठमाबाई पहिल्या निवडणुकीपासून एकही मत चुकलेली नव्हती. तिचं कौतुक रेडिओनं केलं नाही. तिनं ते मागितलंही नाही.

तुम्ही विचाराल, माय माझ्याकडे नागभीडला राहते, तर तिचं नाव इथल्या यादीत का नाही? अर्ज दिला होता. मीच टाइप केला होता, समास सोडून, दोन्ही बाजूंनी सारखा. इथले बाबू म्हणाले, आधी गावातलं नाव कमी केल्याचा दाखला आणा. गावचा तलाठी म्हणाला, आधी तिथं नाव चढल्याचा दाखला आणा. मी दोघांना एकमेकांचे पत्ते दिले आणि घरी आलो. मायला हे सांगितलं तेव्हा ती चक्क खूष झाली.

"बरं झालं," म्हणाली. "इथी कोन ओयखते मले? मले मोहटोल्यातच टाकाचं हाय मत."

यामागचं कारण तिनं मला लहानपणापासून सांगितलेलं आहे. मोहटोल्यात पाटलाच्या विहिरीवर आमच्या वस्तीच्या बाया लांब उभ्या राहायच्या. पाटलीणबाई गिरजाबाईंची घागर भरली, त्यांच्या मागून येणारीची भरली, मग कोणाला दया आली तर आमच्या घागरीत वरून पाणी. पण मताच्या दिवशी शाळेपुढे रांग लागते. जो आधी आला तो पुढे. पहिल्या निवडणुकीत माय पहाटेच जाऊन उभी राहिली आणि तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या गिरजाबाई. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असायची, आत जाऊन आपल्या पेटीत कागद टाकायचा. गिरजाबाई बाहेर ताटकळत उभ्या, आणि माझी माय आत पेट्यांपुढे मुद्दाम सावकाश उभी. पुढं पेटी एकच झाली, कागदावर बाणफुलीचा शिक्का आला, पण मायची ती सावकाश उभं राहण्याची जागा तीच राहिली.

"बाबासायबानं देल्ली हाय थे जागा," असं ती म्हणते. "तेवढा येळ मले कोनी बी मांगं सरक म्हनू शकत नाई."

तर हे असं होतं. एका मतासाठी एवढी यातायात कशाला, हा प्रश्न माझ्या शेजाऱ्यानं, श्रावणभाऊनं, मला पाच-पन्नासदा तरी विचारला असेल. श्रावणभाऊ रेल्वेतून पॉइंटमन म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर ते माझ्या ओट्यावर रुजू झाले.

"देवाजी, एका मतानं काय होते गा?" ते म्हणाले. "लाखांनी मतं पडतेत. ज्याले एक जास्त थो दिल्लीले. बाकीच्यायचं मत गेलं भंगारात. आपली पद्धतच अशी हाय."

मायनं सुपातून डोकं वर काढलं. "श्रावन, तू टेसनावर एक खटका वढे, तं अख्खी गाडी दुसऱ्या रुयावर जाये का नाई?"

"जाये नं."

"थो बी एकाच मानसाचा हात होता."

श्रावणभाऊंनी विषय बदलून चहा मागितला.

आता बोटाकडे येतो. साहेब, तुम्ही कधी धान कापलं आहे का? नसेलच, म्हणून सांगतो. विळा उजव्या हातात असतो. डाव्या मुठीत धानाचा चूड धरायचा आणि मुठीखालून विळा ओढायचा. म्हणजे विळा घसरला की तो लागतो डाव्या हाताला, आणि डाव्या हातातही जे बोट सगळ्यांत पुढे असतं त्यालाच. आमच्या भागात धान कापतात नोव्हेंबरात. तुम्ही निवडणूक ठेवलीत नोव्हेंबरात आणि शाई ठेवलीत डाव्या तर्जनीला. एवढा मेळ तर पंचांग पाहूनही बसला नसता.

मायनं म्हातारपणी धान कापायची काही गरज नव्हती. पण कापणी सुरू झाली की तिचे हात घरात राहत नाहीत. शेजारच्या कमळाबाईंच्या धानाच्या बांधीत ती 'नुसती पाहाले' म्हणून गेली आणि बोट कापून आली. माझी बायको वच्छला म्हणाली, दवाखान्यात जाऊ. माय म्हणाली, एवढ्यासाठी? दोन दिवसांत बोट पिकलं. मग तिनं तिच्या मायनं आणि आजीनं केलं तेच केलं. बिब्बा घेतला, सुईला टोचला, दिव्यावर धरला, आणि सुटलेलं तेल जखमेच्या कडेनं लावलं. पू थांबला, ठणका थांबला. नखाच्या मुळापासून पेरापर्यंत काळा पट्टा उठला. यात नवल काहीच नाही. परीट याच तेलानं कपड्यावर खूण करतात. कापड फाटतं, खूण राहते. तुम्ही पक्की शाई कुठून कुठून करून आणता, ती आमच्या जंगलात झाडाला लागते.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी आधी माझं मत टाकून आलो. इस्त्रीचा सदरा, बोटाला ताजी शाई, चेहऱ्यावर जबाबदार नागरिक. माय नवं लुगडं नेसून तयार. श्रावणभाऊ ओट्यावर होतेच. त्यांची नजर मायच्या हातावर गेली आणि त्यांच्यातला पॉइंटमन जागा झाला.

"अरे बापा! ठमाबाई, हे काय? हे तं मत टाकल्यावानी दिसून राह्यलं! तिथी मास्तर म्हनन, एकडाव टाकून आली."

"बिब्बा होय थो," माय म्हणाली.

"तुले मालूम हाय. सरकारले काय मालूम? घासून काढा, देवाजी, अब्बी के अब्बी."

त्यांचं म्हणणं मला पटलं. शिकलेल्या माणसाला दुसऱ्यानं काढलेली शंका लवकर पटते. आधी लिंबू झालं. मग राख. मग रॉकेलचा बोळा. मग श्रावणभाऊंनी घरून विटकरीचा तुकडा आणला, ज्यानं ते टाचा घासतात. वच्छला ओरडली, "भाऊ, बोट हाय थे, भांडं नाई!" पण तोवर व्हायचं ते झालं होतं. बिब्बा हललाही नव्हता. भोवतालची कातडी मात्र सोलून लालभडक झाली होती, आणि त्या लालीत काळा पट्टा आधीपेक्षा दुप्पट उठून दिसत होता. मायच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, रॉकेलच्या वासानं.

बसस्टँडवर गेलो तर एकही बस नाही. सगळ्या बसेस मतपेट्या आणि मास्तर पोचवायला तुम्ही नेल्या होत्यात. म्हणजे पेटी गावात पोचली होती, मतदार स्टँडवर उभा होता. तेवढ्यात एक जीप आली. झेंडा लावलेला, कर्णा बांधलेला. आतून आवाज आला, "चला ठमाबाई, मोहटोला! बसा, आपलीच गाडी हाय!"

मी एक पाय टाकलाही. मायनं माझा सदरा मागून ओढला.

"उतर. ज्याच्या गाडीत बसलं त्याले मत द्या लागते."

"माय, तसं काही नसतं. शिक्का कुठं मारायचा ते कोणी पाहत नाही."

"मी तं पायतो नं," माय म्हणाली.

दुसऱ्या पक्षाचीही जीप आली. तिलाही तेच उत्तर मिळालं. मग मी घरून सायकल काढली आणि मायला कॅरियरवर बसवलं. इस्त्रीच्या सदऱ्यात, भर बाजारातून, समोरून माझेच टायपिंगचे विद्यार्थी येत असताना, मी ती चालवत निघालो. अर्ध्या वाटेवर चाक पंक्चर झालं. पुढं नाल्यात रेती होती, तिथं सायकल माझ्या खांद्यावर आणि माय पुढे. ती पाण्यातून डावा हात वर धरून चालत होती, शाळेत प्रश्नाचं उत्तर येणाऱ्या मुलीसारखा.

मोहटोल्याच्या शाळेपुढे पोचलो तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. बायांची रांग वेगळी होती. माय जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं तिच्या मागे कोण आलं असेल? गिरजाबाई. आता त्याही म्हाताऱ्या झाल्या आहेत, काठी टेकत आल्या.

"काय वो ठमा, नागभीडवून आली?"

"आली नं, पाटलीनबाई. उभ्या राहा. रांग सरकून राह्यली."

'उभ्या राहा' हे शब्द माझ्या मायनं असे उच्चारले की मला नाल्यातली सायकल हलकी वाटली. साहेब, तो दिवस तिथंच संपवता आला असता तर मी हे लिहिलं नसतं.

ती आत गेली. मी दाराच्या बाहेर, पोलिसाच्या कोपराखालून पाहत होतो. पहिल्या मास्तरानं मोठ्यानं नाव वाचलं. ठमाबाई. पक्षांचे एजंट बाकावर बसले होते. त्यांनी आपापल्या कागदावर खूण केली. ती ठमाबाईच आहे याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. दुसरा मास्तर शाईची बाटली घेऊन बसला होता. तो म्हणाला, "डावा हात."

मायनं हात पुढे केला. मास्तरानं बोट धरलं, उलटं केलं, नाकाशी नेलं.

"रॉकेल?" तो म्हणाला.

मग त्यानं केंद्राध्यक्षाला हाक मारली. केंद्राध्यक्ष म्हणजे कुठल्याशा शहरातल्या शाळेचे गणिताचे मास्तर, आदल्या दिवसापासून झोप नसलेले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला राग काढायला सोपं गेलं असतं. त्यांनी बोट पाहिलं आणि हळूच विचारलं, "आजी, मत कुठं टाकून आलात?"

"कुठीच नाई, बापा. बिब्बा होय थो."

"मग घासलं का?"

"तुमाले शाई वाटू नये म्हनून."

आता यावर कोणत्या मास्तरानं काय म्हणावं?

मला आत बोलावलं. मी त्यांना धान, विळा, चूड, पू, बिब्बा आणि श्रावणभाऊ हे सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी झोळीतून तुमचं पुस्तक काढलं. नियम वाचून दाखवला. ज्याच्या डाव्या तर्जनीवर आधीच खूण असेल त्याला मतपत्रिका द्यायची नाही. ज्यानं खूण पुसायचा प्रयत्न केला असेल त्यालाही द्यायची नाही. माझी माय दोन्हींत बसत होती.

"बिब्ब्याबद्दल काही लिहिलंय का?" मी विचारलं.

त्यांनी पान उलटलं. "नाही. बोटच नसेल तर लिहिलंय. तर्जनी नसेल तर दुसरं बोट चालतं. डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजव्या हाताचं. दोन्हींना नसतील तर हाताचा जो शेवट उरला असेल तो."

म्हणजे विळा थोडा जोरात बसून बोट तुटून पडलं असतं, तर माझ्या मायनं मत टाकलं असतं. बोट वाचवलं, इथं तिची चूक झाली.

मला एक युक्ती सुचली. अशा वेळी मला युक्त्या सुचतात. मी माझं शाईचं बोट मायच्या बोटाशेजारी धरलं आणि म्हणालो, "पहा साहेब, ही तुमची खरी शाई, आणि हा बिब्बा. फरक पहा."

सगळे वाकून पाहू लागले. सकाळची निळी शाई उन्हानं आणि घामानं एव्हाना काळी पडली होती. दोन बोटं शेजारी-शेजारी, सारखी काळी. मायलेकरं शोभत होतो.

केंद्राध्यक्षांनी चष्मा काढला. "तुम्ही आज मत कुठं टाकलंत?"

"नागभीडला."

"आणि आजी कुठं राहतात?"

"नागभीडला. माझ्याकडे."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. विचारायचं राहिलंच काय होतं? मागं रांगेत कोणीतरी खुसखुसलं.

मी एजंटांकडे वळलो. एक होता वारलू, आमच्याच वस्तीतला. दुसरा सुकलू, तो माझ्या मायच्याच हातावर जन्मला. दोघांना बिब्बा म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. एजंटानं तोंड उघडलं तर मास्तराला ऐकावं लागतं. पण दोघेही बाकावर असे बसले होते जसे त्यांचे फोटो काढायचे आहेत.

वारलू शेवटी उठला आणि मायच्या कानाशी आला. मला ऐकू आलं. "मोठमाय, जीपमंधी बसली नाई म्हने तू आमच्या. सांगून दे, कोनाले देतं. आमाले देत असशीन तं मी आत्ता भांडतो. मास्तरची काय टाप हाय!"

तिकडून सुकलूनंही मान पुढे केली. त्यालाही तेवढंच हवं होतं.

माय दोघांकडे पाहत राहिली. मग मोठ्यानं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "थे नाई सांगाचं राह्यत, बापा. थे माह्या आन पेटीच्या मंधात हाय."

वारलू जागेवर जाऊन बसला. सुकलूनं मान मागे घेतली. जे मत आपलं की परक्याचं हे ठाऊक नाही, त्यासाठी कोण भांडतो? साहेब, त्या खोलीत गुप्त मतदान हे शब्द भिंतीवर लावलेले होते. ते पाळणारी त्या वेळी तिथं एकच बाई होती आणि तिला तुम्ही बाहेर काढत होतात.

मागून गिरजाबाई म्हणाल्या, "मास्तर, बिब्बाच होय थो. दिसते नं."

केंद्राध्यक्षांच्या चेहऱ्यावर खरंच आशा आली. "तसं लिहून सही द्याल का बाई?"

गिरजाबाईंनी दारातून बाहेर, पुरुषांच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या मोठ्या मुलाकडे पाहिलं. मुलानं मान हलवली नाही, नुसतं पाहिलं. गिरजाबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मले सही येत नाई," त्या म्हणाल्या.

मग केंद्राध्यक्ष मायला म्हणाले, "आजी, जरा मागं सरका. रांग खोळंबली आहे."

मी माझ्या मायला ओळखतो. तिच्यासाठी तेवढे दोन शब्द पुरे होते. ती मागं सरकली. गिरजाबाई पुढे झाल्या. त्यांचं बोट गोरं, स्वच्छ, अंगठी घातलेलं. शाई लागली, कागद मिळाला, त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेल्या. माय तिथंच भिंतीला टेकून पाहत होती. गिरजाबाई लवकर बाहेर आल्या. त्यांना सावकाश उभं राहायची कधी गरजच पडली नव्हती.

परतीच्या वाटेवर पंक्चर सायकल ढकलत होतो. माय पुढे चालत होती. नाल्यात तिनं हात वर धरला नाही, पदराखाली घेतला. जीपवाले परत भेटले. या वेळी त्यांनी बसायला बोलावलं नाही. आतून कोणीतरी ओरडलं, "काऊन वो ठमाबाई, दोन-दोन मतं?" आणि सगळे हसले.

तिथून ते गावभर झालं. मोहटोल्यातून नागभीडच्या बाजाराला येणाऱ्या बाया मायला आवर्जून भेटू लागल्या. मंगली म्हणे, "मोठमाय, तुले तं दोन्हीकडच्या पार्टीचे पैसे मिळाले असतीन!" गंमत होती ती. मंगलीच्या मनात काही नव्हतं. पण आठवड्याभरात माय बाजारात जाईना. विहारातही मागच्या दाराजवळ बसू लागली, हात मांडीखाली.

निकाल लागला, तो रेडिओवर ऐकला. कोण आलं, कोण पडलं, ते सांगत नाही. फरक हजारांचा होता. श्रावणभाऊंनी लगेच हिशेब मांडला, "पाहा देवाजी, एका मतानं काईच फरक नाई पडला!" ते मायची समजूत काढत होते. त्यांनाही त्या विटकरीची आठवण सतावत असावी.

मायनं मला विचारलं, "माह्या मताबिना मोजनी पुरी झाली?"

"झाली, माय."

"कोनी म्हनलं नाई, एक बाई राह्यली म्हनून?"

मी रेडिओ बंद केला.

मग मी कचेऱ्या फिरलो. तुमचे बाबू फार नम्र आहेत. पहिल्यानं सांगितलं, डॉक्टरचा दाखला आणा की डाग बिब्ब्याचा आहे. डॉक्टरांनी इंग्रजीत दोन शब्द लिहिले, त्यांचा अर्थ कातडीचा दाह असा होतो म्हणे. बाबू म्हणाला, यात बिब्बा कुठं आहे? दुसऱ्यानं सांगितलं, तुमच्या आईच्या नावानं दुसऱ्या कोणी मत टाकलं असतं तर तिला वेगळी मतपत्रिका मिळाली असती, तशी सोय आहे. तसं कोणी टाकलं का? मी म्हणालो, नाही. तो हळहळला. म्हणाला, मग काही करता येत नाही. चोरी झाली असती तर उपाय होता. तिसऱ्यानं फाईल उघडून पाहिली, म्हणाला, ज्या मतदारानं मतच टाकलं नाही त्याची मतदानाबद्दल तक्रार कशी असेल? फारच वाटत असेल तर हायकोर्टात जा, ही निवडणूकच रद्द मागा. तेवढा हक्क कोणत्याही मतदाराला आहे.

मी घरी येऊन मायला सांगितलं. हायकोर्टात गेलो तर सगळी निवडणूक रद्द मागावी लागेल. लाखो लोकांना परत रांगेत उभं राहावं लागेल.

"नोको रे बापा," माय म्हणाली. "एवढ्या लोकायले कायले तरास? तू त्यायले येवढंच सांग, गावात येऊन कोनीतरी म्हनावं, ठमाबाई चोर नोयती."

तिला मत परत नको आहे. हे एकच वाक्य हवं आहे.

दरम्यान नख वाढलं, कातडी निघाली, बिब्बा गेला. एका सकाळी माय मला उठवून म्हणाली, "पाह्य, कोरं झालं. चल मोहटोल्याले. दाखवतो साऱ्यायले."

लुगडं नेसून ती ओट्यावर आली तेव्हा श्रावणभाऊ तिथंच होते. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण ते खरं बोलून गेलेच. "ठमाबाई, शाई बी अशीच जाते गा. देवाजीचं बोट पाहा, त्याचं बी कोरं झालं. कोऱ्या बोटानं काई साबित होत नाई."

मायनं माझं बोट हातात घेतलं. आपल्या बोटाशेजारी धरलं. दोन्ही स्वच्छ. ती आत गेली आणि नवं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं.

साहेब, आता विधानसभेची निवडणूक जवळ आली म्हणतात. माय त्या बोटाला चिंधी बांधून असते. धान झोडायला गेली नाही. भाजी चिरत नाही, चुलीत लाकूडही उजव्या हातानंच सारते. वच्छला म्हणाली, "आत्याबाई, जखम तं कधीच भरली. चिंधी कायले?" माय म्हणाली, "मास्तरले कोरं पाहिजे. मी जपून राह्यली." पण चला, मोहटोल्याला नेतो, असं म्हटलं की मान हलवते. "मांगच्या बाया हासतीन," म्हणते. जी बाई त्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी राहण्यासाठी जगली, तिला आता मागच्यांची भीती वाटते.

तर मी विचारतो. नोव्हेंबर कोणी ठरवला? डावी तर्जनी कोणी ठरवली? ठरवताना तुमच्यात धान कापलेला एक तरी माणूस बसला होता का? आणि पुढच्या मताच्या आधी मोहटोल्याच्या शाळेपुढे उभं राहून, गिरजाबाईंना, वारलूला, सुकलूला, जीपवाल्यांना ऐकू जाईल असं, ठमाबाई चोर नव्हती, हे सांगायला तुम्ही कोणाला पाठवताय?

माय रोज पोस्टमनची वाट पाहते. बोट जपून ठेवलंय. उत्तर द्या.